किडे ‘पडत’ नाहीत, माशी ते टाकून जाते

निपाणी-चिकोडीकडच्या मेंढक्यांच्या तळावर पावसाळ्यात गेलं की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘बकऱ्याला किडं पडल्यात.’ (आमच्याकडे मेंढराला सरसकट बकरंच म्हणतात.) पलीकडच्या पालातला कन्नड बोलणारा गडी तेच त्याच्या भाषेत सांगतो : ‘हुळ बिद्दाव.’ दोन्ही भाषांत क्रियापद एकच, पडणे. जणू किडे आभाळातून पडले, किंवा जखम सडली म्हणून आतून आपोआप तयार झाले. भांडणात आपण ‘किडे पडतील तुला’ असा शाप देतो, तोही याच समजुतीतून आलेला. त्यामुळे किडे पडणं म्हणजे काहीतरी पापाचं फळ, लाजेची गोष्ट असं मनात बसतं. मेंढका शेजाऱ्याला सांगत नाही, दवाखान्यात जायला उशीर करतो, आणि हा आजार उशिराला अजिबात माफ करत नाही.

म्हणून पहिली गोष्ट नीट समजून घेऊ. किडे पडत नाहीत. माशी येते, अंडी घालते आणि उडून जाते. जखम कितीही सडली तरी माशी बसली नाही तर तिच्यात एकही किडा होणार नाही. उलट, ताज्या, स्वच्छ, कालच काट्याने झालेल्या बारीक जखमेवर माशी बसली तर परवा तिथे वळवळ दिसेल.

माझ्या मामांच्या खांडात नव्वदेक मेंढरं आहेत, काळी, दख्खनी. काही वर्षांपूर्वी श्रावणात वेदगंगेच्या अलीकडे एका शेतात ती खतासाठी बसवली होती. सकाळी वाघर (खांडाभोवती लावलेलं जाळं) काढताना एक मेंढी बाजूला उभी दिसली. बाकीची रेटारेटी करत बाहेर पडली, ही तशीच. मागचा पाय आपटायची, शेपूट झटकायची, मान वळवून कमरेला चावायला बघायची. मला वाटलं गोचीड असेल. मामांनी तिला आडवी पाडली आणि माझा हात धरून शेपटीच्या वर ठेवला.

‘हितं बघ. ओलं लागतंय न्हवं?’

वरून लोकर थोडी काळपट, चिकट, एवढंच दिसत होतं. पंजाएवढा डाग. मामांनी बोटांनी लोकर फाकवली आणि आधी वास आला, मग दिसलं. चुलीवर भात शिजताना शितं जशी खालीवर होतात तशी कातडी हलत होती. मामांनी कात्रा चालवला तसा पंजाएवढा डाग वाढत गेला. लोकर निघाली तेव्हा कळलं की जखम शेपटीपासून पाठीच्या मध्यापर्यंत पोचली आहे. आठवड्याभर ती हगवली होती, पहिल्या पावसाचं कोवळं गवत खाऊन. मागची लोकर भिजून बरबटलेली. तिथे माशीने घर केलं होतं.

या आजारात दिसतं त्यापेक्षा खाली नेहमी जास्त असतं, म्हणून हा प्रसंग एवढा सांगितला. लोकरीच्या वरून अंदाज बांधणारा माणूस फसतो. हात घालावाच लागतो.

आता माशीबद्दल. मेंढराला त्रास देणाऱ्या माश्या दोन तऱ्हेच्या आहेत आणि त्यांच्यातला फरक ओळखला तर उपायही नीट सुचतात.

पहिली तऱ्हा ओल्या, घाणीने भरलेल्या लोकरीवर जाणारी. तांबूस-हिरवी चमकणारी ही माशी, शास्त्रातलं नाव लुसिलिया क्युप्रिना. ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळांची ही मुख्य शत्रू. तिला जखम लागतेच असं नाही. लेंडी-मूत लागलेली, पावसाने दिवस दिवस भिजत राहिलेली, कुबट वासाची लोकर तिला पुरते. एका खेपेला ती सुमारे दोनशे अंडी घालते, पांढरट पिवळी, एकाला एक चिकटलेली. उबेत आणि ओलाव्यात ती अंडी आठ तासांपासून एका दिवसात फुटतात. अळी सुरुवातीला इतकी बारीक असते की दिसत नाही. ती कातडीवरचा ओलावा चाटते, मग तोंडातल्या आकड्यांनी कातडी खरवडते आणि स्वतःच्या लाळेने मांस विरघळवून पिते. तीन-चार दिवसांत ती पूर्ण वाढते.

दुसरी तऱ्हा जास्त भयंकर. ही निळसर-हिरवी माशी, क्रायसोमिया बेझियाना. ही मेलेल्या मांसावर वाढत नाही, तिला जिवंत प्राण्याचंच मांस लागतं. जखमेच्या कडेला, कोरड्या भागावर ती दीड-दोनशे अंडी शिस्तीत चिकटवते. एका दिवसाच्या आत अळ्या निघतात आणि थेट आत घुसतात, डोकं खाली, शेपूट वर. अळीच्या अंगावर काट्यांचे पट्टे असतात, स्क्रूच्या आट्यांसारखे. म्हणून इंग्रजीत तिला स्क्रूवर्म म्हणतात आणि म्हणूनच ती ओढली तरी सहज सुटत नाही. तोंड लहान, आत पोकळ खिसा आणि त्यातून पाझरणारं रक्तमिश्रित पाणी, अशी जखम दिसली की ही माशी समजावी. पाच-सात दिवस खाऊन अळ्या आपणहून खाली पडतात, मातीत शिरतात, कोष करतात आणि आपल्याकडच्या उबेत आठवड्याभराने माशी होऊन बाहेर येतात. अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंत तीनेक आठवडे. थंडीत हेच चक्र लांबतं.

लोकर दाट असलेल्या दख्खनी मेंढराला दोन्ही माश्यांचा धोका. अथणीच्या उत्तरेकडे, जतला लागून असलेल्या पट्ट्यात माडग्याळ जात जास्त. त्यांच्या अंगावर लोकर कमी, त्यामुळे पहिल्या माशीचा त्रासही कमी. पण जखम झाली की दुसरी माशी जात बघत नाही. खानापूरकडच्या मुसळधार पावसात धोका जास्त आणि अथणीच्या कोरड्या रानात कमी, एवढं ढोबळमानाने खरं. पण अथणीतही परतीच्या पावसात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दमट उन्हात माश्या भरपूर असतात. तेव्हा गाफील राहणारे मी पाहिले आहेत.

अळ्यांनी मांस खाल्लं एवढंच नुकसान असतं तर मेंढी तगली असती. खाता खाता त्या जी घाण सोडतात तिच्यातून अमोनिया तयार होतो. तो रक्तात जातो, जखमेतले जंतूही रक्तात जातात. मेंढी खाणं सोडते, ताप चढतो, श्वास वाढतो, आणि एक-दोन दिवसांत ती बसते ती उठत नाही. शिवाय जखमेचा वास सुटला की आणखी माश्या ओढल्या जातात, एकीमागून दुसरी, वेगळ्या जातींच्याही. म्हणून पहिल्या दिवशी शंभर अळ्या असलेल्या जखमेत चौथ्या दिवशी मोजता येणार नाहीत इतक्या असतात.

मग करायचं काय? सांगतो तो क्रम मामांच्या मेंढीवर आम्ही वापरला तो, आणि नंतर जनावरांच्या डॉक्टरांनी जिथे चूक दाखवली तिथे दुरुस्त केलेला.

मेंढीला सावलीत घ्यायचं, एकाने धरायचं. कात्र्याने जखमेभोवतीची लोकर कातडीपर्यंत काढायची आणि चारी बाजूंनी दोन-तीन बोटं कोरडी, निरोगी कातडी दिसेपर्यंत पुढे जायचं. इथे हात आखडता घेऊ नये. ओली लोकर शिल्लक राहिली की तिच्यात न फुटलेली अंडी राहतात आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. बऱ्याचदा मोठ्या डागापासून लांब, खांद्यावर किंवा पोटाखाली दुसरा छोटा डाग सापडतो, म्हणून सगळं अंग चाचपायचं. कातरलेली लोकर मेंढीच्या पायाशी टाकायची नाही, पोत्यात भरायची.

मग अळ्या. वरवरच्या अळ्या चिमट्याने काढायच्या. आत घुसलेल्या ओढून तुटतात, तुटलेला तुकडा आत सडतो. त्यांच्यासाठी टर्पेंटाइन तेलात भिजवून पिळलेला कापसाचा बोळा जखमेच्या तोंडावर दोन-चार मिनिटं धरायचा. श्वास कोंडला की अळ्या वर येतात, तेव्हा एकेक चिमट्याने घ्यायची. टर्पेंटाइन जखमेत ओतायचं मात्र नाही. मामांनी ओतलं होतं, आणि मेंढी ज्या ताकदीने उसळली ती मला अजून आठवते. ते कातडी जाळतं. काम झालं की मीठ घातलेल्या, उकळून गार केलेल्या पाण्याने जखम धुवायची. डोळ्याजवळ, नाकात, कानात किंवा मायांगात अळ्या असतील तर घरी काही करू नये, डॉक्टरच लागतो.

काढलेल्या अळ्या कुठे गेल्या, हे आपल्याकडे कुणी विचारत नाही, आणि मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं आहे ते हेच. चिमट्याने काढून मातीत फेकलेली अळी मेली असं समजू नका. पूर्ण वाढलेली अळी मातीत शिरते आणि आठवड्याने माशी होऊन त्याच खांडावर येते. म्हणजे आपण मेंढी वाचवतो आणि शत्रू पेरतो. जुन्या डब्यात गरम पाणी घ्या, अळ्या त्यात टाका. पाणी नसेल तर पत्र्यावर घेऊन जाळा. त्या दिवशी मामांनी पायाने माती सारून अळ्या झाकल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात त्याच खांडातली आणखी तीन मेंढरं धरावी लागली. त्याच अळ्यांच्या माश्या असतील का, हे सिद्ध कसं करणार? पण तेव्हापासून आमच्या तळावर डबा असतो.

जखम स्वच्छ झाली की पोव्हिडोन आयोडीन लावायचं आणि कडेने माशी न बसू देणारं मलम किंवा फवारा. ते नसेल तर करंजाचं किंवा कडुनिंबाचं तेल जखमेच्या कडांना, दिवसातून दोनदा. वासाने माशी लांब राहते. पट्टी घट्ट बांधू नये, आत ओलावा कोंडतो.

औषधांत आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन उपयोगी पडतं, विशेषतः खोल जखमेत, कारण ते रक्तातून पोचतं आणि चिमट्याच्या आवाक्याबाहेरच्या बारीक अळ्याही मारतं. मात्रा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे १ टक्क्याचं औषध असेल तर २५ किलोच्या मेंढीला अर्धा मिली, तेही कातडीखाली. मी आकडा सांगतोय तो समजण्यासाठी. इंजेक्शन डॉक्टरांकडूनच द्यावं, कारण अशा मेंढीला त्यासोबत प्रतिजैविक, वेदनाशामक, कधी सलाईनही लागतं, आणि ते जखम पाहून ठरतं. आणखी एक : हे औषध दिलेलं मेंढरू लगेच कापायला चालत नाही. बाटलीवर किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. बकरी ईदच्या किंवा चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेच्या आधी विक्रीचं बालिंग (तरणा नर) असेल तर हे दिवस मोजूनच सौदा करा.

घरगुती उपायांवर थोडं बोलायला हवं, कारण प्रत्येक तळावर काही ना काही असतंच. आमच्याकडे तंबाखूचा पट्टा, तेव्हा तंबाखूची पूड आणि चुना जखमेत भरणं अगदी हाताशी. तंबाखूने अळ्या मरतात हे खरं. पण निकोटीन उघड्या मांसातून मेंढीच्या रक्तातही जातं आणि चुन्याने जखम भाजते. सीताफळाच्या बियांची पूडही किडे मारते, पण तिचा कण डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, मेंढीच्या आणि आपल्याही. फिनेल, रॉकेल, पेट्रोल यांचं काय सांगायचं, त्यांनी जिवंत मांस मरतं आणि जखम भरायला दुप्पट दिवस लागतात. डांबरगोळीही नको.

पण याहून वाईट गोष्ट म्हणजे उसावर किंवा सोयाबीनवर मारायचं कीटकनाशक. आमच्या ओळखीच्या एका मेंढक्याला एका दुकानातून ‘हे टाका, किडं जागेवर मरत्यात’ म्हणून शेतीचं औषध दिलं गेलं. किडे मेले. रात्री मेंढ्याच्या तोंडातून लाळ गळू लागली, अंग थरथरायला लागलं, श्वास घरघरला, आणि पहाटेपर्यंत मेंढाही गेला. अशी लक्षणं दिसली तर जखम भरपूर पाण्याने धुऊन ताबडतोब डॉक्टरांना औषधाची बाटली दाखवा. उतारा आहे, पण तासांचा खेळ आहे.

आता आजार येऊच नये यासाठी. इथे दोन माश्यांचा फरक कामाला येतो. मेलेलं जनावर खोल पुरावं, जार उघड्यावर टाकू नये, तळावर घाण साठू देऊ नये, हे योग्यच. त्याने पहिल्या तऱ्हेच्या आणि इतर माश्या कमी होतात. पण जिवंत मांसावर वाढणारी माशी त्याने कमी होत नाही, कारण ती मढ्यावर वाढतच नाही. तिला कमी करण्याचा रस्ता एकच : खांडातली एकही जखम उघडी राहू द्यायची नाही. आणि खांडात राखणीचा कुत्राही मोजा. त्याच्या कानाच्या फाटलेल्या कडेत अळ्या झाल्या तर त्या मेंढरांसाठीच वाढतायत. शेजारच्या गोठ्यातल्या बैलाच्या खांद्याचंही तेच. अमेरिकेने या माशीच्या तिकडच्या भाऊबंदाला संपवलं ते वेगळ्याच युक्तीने. या माशीची मादी जन्मात एकदाच नराशी जुळते, म्हणून किरणोत्सर्गाने नापीक केलेले नर कोट्यवधींनी सोडले. १९५४ साली कुरासाओ बेटावर हा प्रयोग पहिल्यांदा पूर्ण यशस्वी झाला. आपल्या रानात ते होईल तेव्हा होईल, तोवर आपल्याला एकेक जखम शोधत बसायचं आहे.

जखमा होतात कुठे? वेड्या बाभळीचे काटे, शेताच्या तारा, भटक्या कुत्र्यांचे आणि लांडग्याचे चावे, मेंढ्यांच्या टकरीत शिंगाच्या मुळाशी फुटलेली कातडी. हे आपल्या हातात पूर्ण नाही. पण निम्म्या जखमा आपणच करतो. लोकर कातरताना कात्रा लागतो, तिथे लगेच आयोडीन लावा, माती फासून सोडू नका. कानात बिल्ला मारायचा तर भर पावसात नको. बालिंग खच्ची करायचं ते कापून नाही, नस दाबायच्या मोठ्या चिमट्याने, रक्त न काढता, आणि शक्यतो थंडीत. कोकरू जन्मलं की बेंबीला टिंक्चर आयोडीन. व्यालेल्या मेंढीचं मायांग फाटलं असेल तर आठवडाभर रोज बघायचं.

खुरी हे पावसाळ्यातलं मोठं दार आहे. चिखलात उभं राहून खुरांच्या बेचक्यात कातडी सडते आणि अळ्या तिथून चढतात. लंगडणारं मेंढरू संध्याकाळी धरून खूर बघा. वाघरीच्या तोंडाशी उथळ हौद करून १० टक्के झिंक सल्फेटच्या पाण्यातून खांड काढलं आणि काही मिनिटं त्यात उभं ठेवलं तर फरक पडतो. ५ टक्के मोरचुदाचं पाणीही चालतं, पण मेंढराला तांबं बाधतं, ते पाणी त्यांनी पिता कामा नये आणि नंतर उघड्यावर ठेवू नये.

लोकर वर्षातून दोनदा निघते. त्यातली एक कातरणी पावसाचा जोर धरण्याआधी उरकली की अर्धी काळजी मिटते. ते जमलं नाही तर निदान शेपटीखालची आणि मागच्या मांड्यांची लोकर तरी काढा. दहा मिनिटांत दोन मेंढरं होतात. आमच्या मामींना याची इतकी सवय झाली आहे की बोलता बोलता त्यांचा कात्रा चालू असतो. आणि हगवण थांबवा : मृग लागायच्या सुमारास शेण तपासून जंताचं औषध द्या, कोवळ्या गवतावर एकदम सोडू नका, आधी थोडं वाळकं पोटात जाऊ द्या. मामांची ती मेंढी जंतनाशक आणि कात्रा, दोन्ही वेळेत मिळाले असते तर कदाचित जगली असती. ती पाचव्या दिवशी गेली. तिचं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावावं लागलं.

पाठीवर ओतायची किंवा फवारायची सायपरमेथ्रिन-डेल्टामेथ्रिनची जनावरांसाठीची औषधं मिळतात. ती निरोगी कातडीवर, बाटलीवरच्या मात्रेत. उघड्या जखमेवर नाहीत.

माणसांनाही ही माशी सोडत नाही. तळावर उघड्यावर झोपणारं वाहत्या कानाचं पोर, मधुमेहाने पायाला जखम झालेली आजी, यांच्यावर दिवसासुद्धा मच्छरदाणी टाका. जखम झाकून ठेवा, आणि वळवळ जाणवली तर लाजू नका, सरकारी दवाखाना गाठा.

फोन करायचा झाला तर जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर १९६२, पैसे लागत नाहीत. पलीकडून कन्नडमध्ये बोलतील. एवढं सांगता आलं तरी पुरे : कुरी म्हणजे मेंढी, गाय म्हणजे जखम (गायीशी त्याचा काही संबंध नाही, यावरून गोंधळ होतो), हुळ म्हणजे किडे. ‘कुरिगे गाय आगेद, हुळ बिद्दाव.’ मग तळ कुठे आहे ते गावाच्या नावाने नाही, शेताच्या मालकाच्या आणि जवळच्या पुलाच्या नावाने सांगा, मेंढी उठते का बसूनच आहे ते सांगा, आणि जखम डोळ्याजवळ किंवा मायांगात असेल तर तेवढं आधी सांगा. गाडी येईपर्यंत मेंढी सावलीत, जखमेवर स्वच्छ कपडा, आणि कोकरू तिच्याजवळच ठेवा.